पुण्याहून जळगावला बिऱ्हाड हलवण्यापूर्वी

आपण पुण्यातील भाड्याला कंटाळून दोन लहान मुलांसह जळगाव किंवा भुसावळकडे येण्याचा विचार करीत आहात, तो योग्यच आहे. मात्र घर पाहायला हिवाळ्यात न येता मे महिन्यात यावे, कारण पारा ४५ अंशांच्या आसपास गेला असताना वरच्या मजल्यावरील, पश्चिमेकडे तोंड असलेल्या स्वस्त घरात तान्ह्या बाळाला दुपार काढता येईल का, हे तेव्हाच कळते. भाड्यात वाचलेले पैसे कूलर आणि वीजबिलात जाऊ शकतात. नळाला पाणी किती दिवसांआड येते, हे घरमालकाऐवजी शेजारच्या मावशींना विचारावे. मी विचारले नाही आणि पहिला उन्हाळा टँकरवर काढला. भाडेकरार लेखी असावा व त्याची नोंदणी करावी, कारण १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार ती जबाबदारी घरमालकाची असली तरी टाळाटाळ होतेच. नोकरीसाठी मुंबईला अधूनमधून जावे लागणार असेल, तर भुसावळ जंक्शन अधिक सोयीचे पडेल. शाळेचा दाखला मात्र निघण्याआधीच हातात घ्यावा.