चरनोई नांगरली, आता दाद कुणाकडे मागायची?

इंदूर जिल्ह्यातल्या सांवेर तहसीलीतले एक काका विचारतात: गावची चरनोई, म्हणजे गुरं चारायची राखीव जमीन, शेजाऱ्यानं नांगरून सोयाबीन पेरलं. गुरं कुठं न्यायची? सरपंच म्हणतात, 'जाऊ द्या.' पटवारी (आपल्याकडचे तलाठी) म्हणतात, 'बसून मिटवा.' मिटवावं का?

काका, मिटवायला ती जमीन तुमची नाही, शेजाऱ्याची नाही आणि सरपंचांचीही नाही. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, 1959 च्या कलम 237 खाली चराई, जळण, स्मशान, खळं अशा निस्तारासाठी, म्हणजे गावाच्या सामायिक गरजांसाठी, कलेक्टर सरकारी जमीन राखून ठेवतात. ती वाटून द्यायचा अधिकार पटवाऱ्याच्या बस्त्यात नसतो.

आधी कागद काढा. त्या जमिनीच्या नंबराच्या खसऱ्याची, म्हणजे जमीन-नोंदीच्या उताऱ्याची, नक्कल घ्या. त्यात 'चरनोई' लिहिलेलं असलं की अर्धं काम झालं. गावचं निस्तार पत्रकही मागा, गुरं कुठं चारायची ते त्यात असतं. मग तहसीलदारांकडे कलम 248 खाली अर्ज करा. ते कब्जा हटवू शकतात, दंड लावू शकतात आणि मुदतीत न काढलेलं पीक जप्तही होऊ शकतं. म्हणून अर्ज पेरणी होताच द्या. शेंगा भरल्यावर गेलात तर पीक त्याच्या घरी जाईस्तोवर नुसत्या तारखा पडतील. तारीख-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढं काहीच हललं नाही तर 10 रुपये भरून माहितीच्या अधिकारात 'माझ्या अर्जावर काय कारवाई झाली' एवढंच विचारा. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. लांबलचक तक्रारीपेक्षा या एका ओळीनं फाईल लवकर हलते, असं माझं मत आहे.

मी शेतकी खात्याचा माणूस, कब्जा काढणं माझ्या हाती नाही. चाऱ्याचं मात्र सांगतो: निकालाची वाट बघत बसू नका, पाणी असेल तर ऑक्टोबरात थोडं बरसीम (हिरव्या चाऱ्याचं पीक) टाका.

'चहापाण्याचं' काय, असंही एकानं विचारलंय. देऊ नका. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीनं द्यावी लागली तर 7 दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवावं लागतं. मागणी झाली की पैसे देण्याआधीच इंदूरच्या लोकायुक्त पोलिसांकडे जा.

शेताची जुनी वाट अडवली असेल, तर तहसीलदारांकडेच, पण कलम 131 खाली.

महूहून उन्हाळी मुगासाठी नव्या बोरची विचारणा आहे. पेयजल परिरक्षण अधिनियम, 1986 खाली कलेक्टरांनी जिल्हा जल-अभावग्रस्त जाहीर केला असेल, तर परवानगीशिवाय बोर मारता येत नाही; मारला तर कायद्यानं शिक्षा आहे. 'रात्रीत मारून देतो' म्हणणारा गाडीवाला पहाटे निघून जातो, बोर तुमच्या खसऱ्यात राहतो. मुगाला तीन-चार पाणी लागतात. जुन्या विहिरीत तेवढं असेल तरच पेरा, नाहीतर यंदा रान उन्हात तापू द्या.