जुन्या तारांच्या मापाने नवी ऊर्जा का कापायची?

प्रश्न : छतावर सोलर बसवण्यासाठी अर्ज केला, तर ‘या ट्रान्सफॉर्मरची क्षमता संपली’ असं उत्तर आलं. ही सबब आहे का?

उत्तर : सबब नाही, पण शेवटचा शब्दही नाही. वीज केंद्राकडून घराकडेच वाहणार, असं धरून जुनं जाळं आखलेलं आहे. भर दुपारी घराघरांतली जास्तीची वीज उलटी निघाली की लाइनच्या टोकाला व्होल्टेज चढतं आणि सोलरची वीज घरच्या विजेसारखी करून देणारे इन्व्हर्टर बंद पडतात. अडचण खरीच आहे. मात्र ती मोजक्या तासांची असते, आणि क्षमता ठरवताना बहुधा नेमके तेच तास धरले जातात. आजचा इन्व्हर्टर रिॲक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करता तारेत मागेपुढे फिरणारी, पण व्होल्टेजवर परिणाम करणारी वीज) शोषून व्होल्टेज उतरवू शकतो, तेवढ्या वेळापुरता वीज बाहेर सोडणं कमीही करू शकतो. म्हणून लेखी विचारा : अडतंय ते तारेत की नियमात? नियमात अडत असेल, तर मर्यादित निर्यातीच्या, म्हणजे ठरलेल्या मर्यादेतच वीज बाहेर सोडण्याच्या, अटीवर जोडणी मागा.

प्रश्न : आहे त्या व्यवस्थेत बसेल असंच तंत्रज्ञान घेतलं तर स्वस्त नाही का पडणार?

उत्तर : सुरुवातीला पडतं. कारखान्यांत वीज आली तेव्हा अनेकांनी वाफेचं इंजिन काढून तिथे एक मोठी मोटर बसवली. सगळी यंत्रं फिरवणारा छतालगतचा लांब शाफ्ट (फिरता दांडा) आणि पट्टे तसेच ठेवले. फायदा बेताचाच झाला. एडिसनचं पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र 1882 मध्ये सुरू झालं. अमेरिकी कारखान्यांच्या उत्पादकतेत मोठी उडी दिसली ती 1920 च्या दशकात, यंत्रागणिक स्वतंत्र मोटर आली आणि कारखान्यांची मांडणीच बदलली तेव्हा. तापमानवाढ आपल्याला इतकी वर्षं देणार नाही.

प्रश्न : जुन्या गॅसवाहिन्यांतून हायड्रोजन नेता येईल?

उत्तर : थोडा मिसळता येतो. पण घनफळाने 20 टक्के मिसळला तरी ऊर्जेत त्याचा वाटा सुमारे 7 टक्केच. शिवाय त्याने काही पोलादं ठिसूळ होतात. केवळ पाइप वाया जाऊ नयेत म्हणून हा मार्ग धरणं मला पटत नाही.

प्रश्न : मग सगळं जाळं मोडायचं? खर्च कोणाचा?

उत्तर : मोडायचं नाही. बऱ्याचदा त्याच मनोऱ्यांवर कार्बन तंतूंचा गाभा असलेल्या तारा चढवल्या तर जवळपास दुप्पट वीज नेता येते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या 2023 च्या अहवालानुसार, जगभरात 3,000 गिगावॉटहून अधिक क्षमतेचे अक्षय ऊर्जा प्रकल्प जोडणीच्या रांगेत होते. ही रांग हलवण्याचा खर्च एकट्या सोलर ग्राहकाच्या माथी मारू नये. त्याच तारेवर उद्या शेजाऱ्याची विजेची गाडी चार्ज होणार आहे. खर्च सगळ्यांच्या बिलांत, तारेच्या आयुष्यभरात विभागला जावा.