वर्गणी "देय" होती, एवढं पुरे

पिंपरीत ठेकेदाराकडे हाउसकीपिंगचं काम करणाऱ्या एका ताईंचं पत्र आलंय. फेब्रुवारीत खासगी दवाखान्यात अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. 45 दिवस घरी, पगार बंद. ईएसआयच्या (कामगारांच्या सरकारी विमा योजनेच्या) शाखेत खिडकीवरूनच सांगितलं, "ठेकेदारानं वर्गणी भरलेली नाही, काही मिळणार नाही." अशी पत्रं मला नवीन नाहीत.

ताई, तुमच्या पगाराच्या स्लिपवर "ईएसआय 102" असं छापलंय. 13,500 चे पाऊण टक्का. ते पैसे ठेकेदारानं कुठे घातले, ते ईएसआय महामंडळानं त्याच्याकडून आणि मूळ कंपनीकडून वसूल करावं. आजारपणाच्या भत्त्यासाठी नियम एवढंच विचारतो, की ठरलेल्या सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी "देय" होती का. "भरलेली" होती का, असं विचारत नाही. फेब्रुवारीच्या आजाराला आधीची एप्रिल ते सप्टेंबर ही सहामाही धरतात. तुम्ही जूनपासून कामावर, महिन्याला 26 हजेऱ्या. शंभराच्या वर गेलात की! ईएसआयखालची ही तुमची पहिलीच नोकरी असेल तर मात्र भत्त्याचा हक्क कामाला लागल्यापासून नऊ महिन्यांनी सुरू होतो, ते आधी तपासा.

मग खिडकीवरचा तोंडी नकार ऐकून नऊ महिने गप्प का बसलात? भत्ता लागू झाल्यापासून 12 महिन्यांत रीतसर मागणी नसेल, तर ईएसआय कोर्टात दावाच अडतो. कोर्ट मुदत वाढवू शकतं, पण पटेल असं कारण लागतं, आणि "खिडकीवरचे नाही म्हणाले" हे तसं कारण नाही. याच आठवड्यात लेखी अर्ज द्या, स्वतःच्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या. शिक्का देईनात तर स्पीड पोस्टनं पाठवा आणि पोचल्याचा पुरावा ठेवा.

खासगी डॉक्टरांचं सर्टिफिकेट चालेल का, हे अधिकाऱ्यांच्या समाधानावर आहे. डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनचे कागद जोडा. दवाखान्याच्या बिलाचा प्रश्न वेगळा, त्याची खात्री मी देत नाही. भत्ता सरासरी रोजाच्या 70 टक्के, पहिले दोन दिवस सोडून. रोज 450 धरला तर ढोबळमानानं साडेतेरा हजार.

जून-जुलैच्या स्लिपा टाकून दिल्यात म्हणता. आता बँकेचं पासबुक आणि गेटपास शोधा. नकार आलाच तर तो लेखी मागा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. कोर्टाच्या तारखांचं मात्र मला विचारू नका.