घाटावर नाचायचं म्हणतेस तर

अनेक आशीर्वाद.

कृष्णेच्या घाटावर नाचायचं ठरवलंस, छान. पण संगीत आणि पोशाख राहू देत, आधी पायऱ्या उतरून बघ. पावसाळा सरला की खालच्या पायऱ्यांवर गाळ आणि शेवाळ असतं. तिथं गिरकी घेतलीस तर घोटा गेलाच म्हणून समज. पाऊल अख्खं टेकवावं लागेल, वजन सावकाश सरकवावं लागेल. निम्मी रचना दगडच करून देतो.

‘जे सुचेल ते करणार’ असं तू लिहिलंयस, ते मला पटलं नाही. जे सुचेल ते म्हणजे बहुतेक वेळा जे सवयीचं तेच. तुझ्या अंगात कथक मुरलंय, थोड्या वेळात हात आपसूक तिकडंच वळतील. कथकमध्ये आयत्या वेळी सुचलेल्या उपजेला निदान लेहरा, म्हणजे ती पुन्हापुन्हा वाजणारी धून, धरून ठेवतो. इथं धरायला काय आहे, ते तुलाच ठरवायचंय. एकच नियम घे, उदाहरणार्थ पाठ नदीकडं करायची नाही. तो शेवटपर्यंत पाळ. बाकी सगळं मोकळं.

अमेरिकन नृत्यरचनाकार ट्रिशा ब्राऊननं १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या गच्च्यांवर नर्तक उभे केले. एकानं केलेली हालचाल पुढच्या गच्चीवरच्यानं बघून करायची, एवढाच नियम. अंतरामुळं ती वाटेत झिजत, बदलत जायची. आणि आपल्या सांगलीत? विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ नाटक केलं, तेव्हा पदं बांधलेली होती. गद्य भाषणं पात्रं आयत्या वेळी रचायची.

महापालिकेची परवानगी काढशीलच. पण धुणं घेऊन येणाऱ्या बायकांनाही आधी जाऊन सांग, सकाळचा घाट त्यांचा असतो. कुणाचा दहावा चालू असेल तर त्या दिवशी निमूट घरी ये. पोरं तुझी नक्कल करतील, करू दे. त्यातली एखादी उचलूनही बघ.

मार्केट यार्डातल्या हळदीच्या गोदामातही नाचायचं म्हणतेस, ते मात्र सध्या सोड. सौदे चालू असताना हमालांच्या वाटेत यायचं नसतं. आणि पाठीवर पोतं घेतलेल्या माणसाची चाल उचलून नाचात घालायची, हे मला मुळीच आवडत नाही.

पहिल्या वेळी मोबाईलवर शूटिंग नको. कॅमेरा दिसला की तू त्याच्याकडं तोंड करणार, आणि नदी तेव्हा कुठं आहे याचं भान सुटणार. दोन-तीन ओळखीची माणसं वरच्या पायरीवर बसव. किती वेळ नाचलीस ते त्यांना विचारू नकोस. कुठं कंटाळा आला, ते विचार.