वाचकांचे प्रश्न : तारागोनाचे रोमन अवशेष कसे पाहावेत?

स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावरील तारागोना या शहराविषयी गेल्या काही आठवड्यांत वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न व त्यांची उत्तरे येथे देत आहोत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : बार्सिलोनातील मुक्कामात एक सकाळ काढून तारागोना पाहून परत येता येईल का? रेल्वेने कसे जावे?

जाऊन येता येईल, पाहून होणार नाही. बार्सिलोनापासून नैऋत्येला सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या या शहरात प्रादेशिक गाडीने सव्वा तासाच्या आसपास पोहोचता येते, आणि म्हणूनच बहुतेक प्रवासी कंपन्या ते अर्ध्या दिवसात उरकतात. या अर्ध्या दिवसात समुद्राकाठचे रोमन रंगमंडल (ॲम्फिथिएटर) आणि कॅथीड्रल एवढेच पदरी पडते. येथील अवशेष कुंपण घातलेल्या एखाद्या मैदानात नसून राहत्या घरांच्या पायांत, दुकानांच्या मागच्या भिंतींत आणि चौकांच्या आकारात मुरलेले असल्यामुळे ते शोधत हिंडावे लागते. आमचे स्पष्ट मत असे की एक रात्र तेथे मुक्काम करावा.

रेल्वेच्या बाबतीत एक खबरदारी घ्यावी. अतिवेगवान गाड्या ज्या ‘कांप दे तारागोना’ स्थानकावर थांबतात ते शहराबाहेर दहा-बारा किलोमीटरवर आहे. तेथून बस किंवा टॅक्सी करावी लागते आणि वाचवलेला वेळ तेथेच खर्ची पडतो. त्यापेक्षा बार्सिलोनाच्या सांत्स किंवा पासेज दे ग्रासिया स्थानकावरून साधी प्रादेशिक गाडी पकडावी, जी आपल्याला थेट समुद्राकाठच्या जुन्या स्थानकावर उतरवते. जाताना डाव्या बाजूला बसावे, कारण शेवटच्या टप्प्यात रूळ पाण्याच्या अगदी लगत जातात. सोमवारी बहुतेक रोमन स्थळे बंद असतात आणि रविवारी दुपारनंतरही पुष्कळ ठिकाणी दारे लागतात. वार ठरवताना याचा विचार आधी करावा.

प्रश्न : मी इतिहासाची निवृत्त शिक्षिका आहे. या शहराचा रोमन इतिहास थोडक्यात सांगावा आणि अवशेष कोणत्या क्रमाने पाहावेत तेही सांगावे.

इ. स. पू. 218 मध्ये, रोम आणि कार्थेज यांच्यातील दुसऱ्या प्युनिक युद्धात कार्थेजचा सेनापती हॅनिबल इटलीवर चालून जात असताना त्याची स्पेनमधील रसद तोडण्यासाठी रोमन सेनापती ग्नेयस कॉर्नेलियस स्किपिओ सैन्यासह येथे आला, त्याचा भाऊ पब्लियस मागोमाग पोहोचला, आणि त्यांच्या छावणीतून ‘ताराको’ हे नगर वाढले. रोमन लेखक थोरला प्लिनी तर ताराकोला स्किपिओंचेच बांधकाम म्हणतो. पुढे ते रोमच्या एका मोठ्या प्रांताची राजधानी झाले. उत्तरेकडील कांताब्रियन युद्धाच्या काळात, इ. स. पू. 26 व 25 या वर्षांत, सम्राट ऑगस्टस येथे राहिला होता. त्याच्या नावाने उभारलेल्या वेदीवर ताडाचे झाड उगवल्याची शुभवार्ता नगरवासीयांनी त्याला कळवली, तेव्हा त्या वेदीवर तुम्ही अग्नी किती वेळा पेटवता ते यावरून दिसतेच, असे तो म्हणाला, अशी कथा रोमन लेखक क्विंटिलियनने नोंदवली आहे. खुशामत करणाऱ्यांना याहून नेमके उत्तर क्वचितच मिळाले असेल.

क्रमाविषयी सांगायचे तर बहुतेक लोक समुद्राकडून सुरुवात करतात; आम्ही मात्र तटबंदीपासून सुरुवात करायला सांगू, कारण शहरातील सर्वांत जुने बांधकाम ते आहे. मूळच्या सुमारे साडेतीन किलोमीटरच्या तटापैकी आज साधारण 1100 मीटर शिल्लक आहे आणि त्याच्या कडेने बागेतून जाणारी ‘पासेज आर्केओलोजिक’ ही पायवाट आहे. तटाजवळ थांबून दगड नीट पाहावेत. तळाला माणसाच्या उंचीचे ओबडधोबड प्रचंड शिलाखंड आहेत आणि त्यांवर रेखीव घडवलेल्या चिऱ्यांचे थर. त्या चिऱ्यांपैकी काहींवर पाथरवटांनी इबेरियन लिपीत कोरलेल्या खुणा दिसतात. तट रोमनांचा, हात मात्र स्थानिक कारागिरांचे होते, याचा इतका सरळ पुरावा पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

तेथून कॅथीड्रलकडे जावे. टेकडीच्या माथ्यावरील ही जागा रोमन काळात सम्राटपूजेच्या मंदिराची होती आणि तिच्याखालच्या पायऱ्यापायऱ्यांच्या सपाटीवर प्रांताच्या कारभाराचा विस्तीर्ण चौक, म्हणजे फोरम, पसरला होता. बाराव्या शतकात बांधायला घेतलेले कॅथीड्रल 1331 मध्ये पवित्र करण्यात आले. त्याच्या ओवऱ्यांमध्ये खांबांच्या माथ्यावरील शिल्पे पाहताना एक पट्टी चुकवू नये : पुष्कळ उंदीर मेलेल्या मांजराची अंत्ययात्रा वाजतगाजत काढत आहेत, आणि शेजारच्याच दृश्यात ते मांजर तिरडीवरून उठून उंदरांवर झडप घालत आहे. रोमन अवशेषांशी याचा संबंध नाही, तरीही पाहावे.

उतरणीला लागले की सर्कस लागते. ही रथांच्या शर्यतींची जागा, पहिल्या शतकाच्या अखेरीस सम्राट डोमिशियनच्या काळात बांधलेली, तीनशेहून अधिक मीटर लांब. रोमन नगरांत अशी सर्कस सहसा गावकुसाबाहेर असे. येथे ती तटाच्या आत आहे, आणि म्हणूनच मध्ययुगात लोकांनी तिच्या कमानींचा आधार घेऊन घरे बांधली. नगरपालिकेसमोरचा प्लासा दे ला फोंत हा लांबट चौक ज्या जागेवर आहे तेथेच एके काळी रथ धावत असत, आणि चौकाभोवतीच्या काही उपाहारगृहांत आतल्या बाजूला गेले की प्रेक्षकांच्या आसनांना पेलणाऱ्या कमानदार दालनांतच आपले टेबल मांडलेले असते. तिकीट काढून पाहता येणारा भाग चौकाच्या पूर्व टोकाला आहे. तेथील लांबलचक भुयारी मार्गांतून गेले की वरच्या चौकात निघणाऱ्या उंच बुरुजात आपण पोहोचतो. या बुरुजात पाँटियस पायलेटचा, म्हणजे येशूला क्रुसावर चढवण्याची शिक्षा देणाऱ्या रोमन अधिकाऱ्याचा, जन्म झाल्याची लोककथा आपल्याला हमखास ऐकवली जाईल. ती लोककथा म्हणूनच ऐकावी. हा बुरुज पुढे आरागोनच्या राजांचा वाडा झाला आणि नंतर तुरुंग, हे मात्र खरे.

रंगमंडल शेवटी, उन्हे कलल्यावर पाहावे. दुसऱ्या शतकात बांधलेले हे लंबगोल रंगमंडल अर्धे टेकडीचा खडक कोरून आणि अर्धे, समुद्राकडील बाजूला, कमानींवर उभारलेले आहे. मधल्या रिंगणात आणखी एका इमारतीच्या भिंती दिसतात आणि पहिल्यांदा पाहणारा गोंधळून जातो. 21 जानेवारी 259 रोजी, सम्राट व्हॅलेरियनच्या काळात, बिशप फ्रुक्तुओसस आणि त्याचे दोन सहकारी औगुरियस व युलोगियस यांना याच रिंगणात जिवंत जाळण्यात आले. सहाव्या शतकात त्यांच्या स्मरणार्थ तेथे व्हिसिगॉथ या जर्मानिक टोळीच्या राजवटीतील चर्च उभे राहिले आणि बाराव्या शतकात त्यावर आणखी एक. त्या भिंती या दोन्ही चर्चच्या आहेत. पुढे हीच जागा मठ आणि नंतर कैद्यांची वसाहतही झाली. उत्खनन करताना केवळ रोमन तेवढे ठेवून बाकी खरवडून टाकले नाही, यासाठी पुरातत्त्वज्ञांचे आभार मानले पाहिजेत.

प्रश्न : माझ्या आईच्या गुडघ्यांना त्रास आहे. तिला हे सर्व झेपेल का?

सर्व नाही. रेल्वेस्थानक समुद्रपातळीवर आणि जुने शहर टेकडीवर आहे, त्यामुळे स्थानकावरून सामान घेऊन चालत निघण्याचा मोह टाळावा आणि टॅक्सीने थेट कॅथीड्रलजवळ जावे. म्हणजे दिवसभराचा रस्ता उताराचा होतो. कॅथीड्रलसमोर रुंद दगडी पायऱ्या आहेत, परंतु बाजूच्या गल्ल्यांतूनही तेथवर पोहोचता येते. रंगमंडलाच्या तळाशी उतरण्याची गरजच नाही, कारण वरच्या बागेच्या कठड्यापाशी उभे राहिले की संपूर्ण लंबगोल, त्यापलीकडे रुळावरून जाणारी गाडी आणि समुद्र एकाच दृष्टिक्षेपात दिसतो, आणि त्यासाठी तिकीटही लागत नाही. तेथून ‘भूमध्य समुद्राची गच्ची’ म्हणून ओळखला जाणारा सज्जा जवळच आहे. त्याच्या लोखंडी कठड्याला हात लावला की नशीब उजळते, अशी तारागोनाकरांची समजूत आहे. तेथून सुरू होणारा रांब्ला नोवा हा झाडांच्या सावलीचा, बाके असलेला प्रशस्त रस्ता सपाट आहे. सर्कशीतील भुयारे, बुरुजाचा माथा आणि तटावरील चढ या तीन गोष्टी आईंसाठी वगळाव्यात.

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी दगड तापतात आणि सावली कमी असते. वयस्कर माणसांना घेऊन जायचे असेल तर एप्रिल ते जूनचा पूर्वार्ध किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हेच महिने धरावेत.

प्रश्न : शहराबाहेरचा जलसेतू पाहण्यासारखा आहे का? आमच्याकडे भाड्याची मोटार असेल.

मोटार असो वा नसो, तो पाहावाच. ‘सैतानाचा पूल’ या नावाने ओळखला जाणारा हा जलसेतू शहराच्या उत्तरेला सुमारे चार किलोमीटरवर पाइनच्या झाडीत आहे. शहरातून बसही जाते. खाली 11 आणि वर 25 अशा कमानींच्या दोन ओळी, उंची 27 मीटर, आणि दगड चुन्याशिवाय केवळ एकमेकांच्या भाराने तोललेले. फ्रांकोली नदीचे पाणी या मार्गाने ताराकोला पोहोचत असे. पाणी ज्या पन्हळीतून वाहत होते तिच्यातून माथ्यावरून पलीकडच्या टोकापर्यंत चालत जाता येते. उंचीची भीती असलेल्यांनी खालीच थांबावे, लहान मुलांचा हात सोडू नये.

मोटारीचा खरा उपयोग पूर्वेकडच्या रस्त्यावर होईल, कारण प्राचीन व्हिया ऑगस्टा हा रोमन राजमार्ग त्याच दिशेने जात होता. सुमारे सहा किलोमीटरवर ‘स्किपिओंचा मनोरा’ लागतो. त्यावरील दोन मूर्ती स्किपिओ बंधूंच्या समजल्या गेल्या, म्हणून हे नाव पडले. प्रत्यक्षात त्या अत्तिस या देवतेच्या असून मनोरा पहिल्या शतकातील एक थडगे आहे. त्याच बाजूला एल मेदोल ही रोमन दगडखाण आहे. खाणीच्या मधोमध एक सुळका मुद्दाम न तोडता ठेवलेला असून आजूबाजूचा किती दगड काढला गेला ते त्याच्या उंचीवरून कळते. आणखी पुढे, शहरापासून वीसेक किलोमीटरवर, बेराची रोमन कमान उभी आहे. 2000 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून घोषित केलेल्या ताराकोच्या स्थळसमूहात शहरातील अवशेषांबरोबर या साऱ्यांचाही समावेश आहे.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. मासेमारीच्या गावात आमचे काय होणार?

उपाशी राहणार नाही. भाजून सोललेली वांगी व ढोबळी मिरची ऑलिव्हच्या तेलात घालून केलेली ‘एस्कालिवादा’, पावावर पिकलेला टोमॅटो चोळून तेल-मीठ घातलेला ‘पा अंब तुमाकत’, मनुका आणि चिलगोजे घालून परतलेला पालक, हे पदार्थ बहुतेक ठिकाणी मिळतात. पालकात डुकराच्या मांसाचे तुकडे घालण्याची पद्धत असल्याने मागवताना विचारून घ्यावे. बदाम, हेझलनट, सुक्या मिरच्या, लसूण आणि टोमॅटो वाटून केलेली ‘रोमेस्को’ ही तारागोनाची खासियत असलेली चटणी चुकवू नये. हिवाळ्याच्या अखेरीस गेलात तर जाळावर काळे होईपर्यंत भाजलेले ‘काल्सोत’ नावाचे लांब पातीचे कांदे याच चटणीत बुडवून खातात. रात्रीचे जेवण साडेआठच्या आधी क्वचितच सुरू होते.

प्रश्न : तेथे माणसांचे मनोरे रचतात असे ऐकले. ते केव्हा पाहायला मिळतील?

कातालोनियातील या मनोऱ्यांना ‘कास्तेल’ म्हणतात आणि 2010 पासून ते युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहेत. दहीहंडीचे थर पाहत वाढलेल्या मराठी माणसाला ते ओळखीचे वाटतील, पण येथे फोडायला हंडी नसते. सर्वांत वर चढलेले लहान मूल क्षणभर हात उंचावते आणि मनोरा पूर्ण झाल्याचे ठरते. त्यानंतर तो न कोसळता थराथराने उतरवला तरच पूर्ण यश मानले जाते, त्यामुळे खरी कसोटी हात वर झाल्यानंतर लागते. सप्टेंबरमधील सांता तेक्ला उत्सवात, ज्याचा मुख्य दिवस 23 तारखेला असतो, जुन्या शहरात मनोरे पाहता येतात. सम वर्षांत ऑक्टोबरच्या सुरुवातीला तारागोनातील जुन्या बैलझुंजीच्या आखाड्यात त्यांची मोठी स्पर्धा भरते. तिची तिकिटे आधीच काढावीत. रोमन काळात रस असणाऱ्यांसाठी मे महिन्यातील ‘ताराको विवा’ हा उत्सव अधिक सोयीचा आहे, कारण त्यात रोमन सैनिकांची कवायत, स्वयंपाक आणि हस्तव्यवसाय प्रात्यक्षिकांसह दाखवले जातात.

प्रश्न : व्हिसासाठी केव्हा अर्ज करावा?

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि किमान 15 दिवस आधी करता येतो. उन्हाळी सुट्टीत भेटीची वेळ मिळणे कठीण होत असल्याने दोन-तीन महिने हाताशी ठेवावेत. प्रौढांसाठी शुल्क 90 युरो आहे आणि किमान 30,000 युरोंचे संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. अनेक देश पाहणार असाल तर ज्या देशात सर्वाधिक मुक्काम आहे त्याच्याकडे अर्ज करावा.

प्रश्न : तेथील किनाऱ्यावर किंवा अवशेषांजवळ जुने खापर सापडले तर आठवण म्हणून आणता येईल का?

नाही. स्पेनच्या 1985 च्या वारसा कायद्यानुसार अशा पुरातत्त्वीय वस्तू सार्वजनिक मालकीच्या ठरतात, मग त्या कितीही क्षुल्लक दिसोत. ती वस्तू न हलवता जागेचे छायाचित्र घ्यावे आणि शहरातील राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात कळवावे.