पणजीचं माहेर कसं शोधायचं?

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस की आजोबांनी पाठवलेल्या वंशावळीत सात पिढ्यांचे पुरुष ओळीनं आहेत, मग पणजीच्या नावापुढे नुसतं ‘लक्ष्मीबाई’ एवढंच का? तिचं आडनाव काय, गाव कुठलं, ती कधी वारली? डिसेंबरात तू कोल्हापूरला जाणार आहेस, तेव्हा हे तिथं कसं शोधायचं ते नीट लिहिते.

आधी ‘का’ ते सांगते. ती वंशावळ जमिनीची आहे. बापानंतर रान कुणाच्या नावावर चढलं, एवढंच ती सांगते. मुलगी लग्न होऊन गेली की त्या कागदावरून उतरते. सासरी तर तिचं पहिलं नावही बदलायचे. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरदेव बोटानं किंवा अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. म्हणजे माहेरची ‘तानू’ सासरी ‘लक्ष्मी’ होते, आणि दोन गावांतल्या दोन वह्यांत ती दोन वेगळ्या बायका म्हणून राहते. तुला त्या दोन नावांची गाठ घालायची आहे.

त्यासाठी एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. मृत्यू शोधायचा असेल तर लग्नाचे कागद बघ आणि लग्न शोधायचं असेल तर मृत्यूचे. शेतकरी घरात लग्नाची सरकारी नोंद पूर्वी कुणी करत नसे, पण लग्नपत्रिका छापताना घरातलं कोण हयात आहे आणि कोण नाही ते चोख लिहीत. आणि माणूस गेल्यावर वारस लावताना तलाठ्याला मुली कुठं दिल्यात ते लिहावंच लागे.

सुरुवात घरातल्या ट्रंकेपासून कर. जुन्या लग्नपत्रिका कुणी फेकत नाही. त्या देव्हाऱ्याच्या फळीवर नाहीतर कागदांच्या पिशवीत असतात. तुला हवी आहे ती आजोबांच्या स्वतःच्या लग्नाची पत्रिका. त्यात खाली ‘मामा’ म्हणून जी नावं असतात ती सोडू नकोस. आजोबांचे मामा म्हणजे पणजीचे भाऊ. त्यांचं आडनाव तेच तिचं माहेरचं आडनाव, आणि पुढे ‘रा.’ लिहून जे गाव आहे ते तिचं माहेर. सख्खे मामा नसतील तर चुलत मामाचं नाव घालतात, तरी आडनाव बहुधा तेच निघतं.

मग तीच पत्रिका मृत्यूसाठी वाच. नावाआधी ‘कै.’ असेल तर तो माणूस त्या लग्नाआधी गेलेला. बाईच्या नावाआधी ‘सौ.’ असेल तर तिचा नवरा त्या दिवशी हयात होता. ‘श्रीमती’ किंवा जुन्या पत्रिकेत ‘गं. भा.’ असेल तर नव्हता. समज, थोरल्या चुलत्यांच्या पत्रिकेत पणजीला ‘सौ.’ लिहिलंय आणि धाकट्या आत्तीच्या पत्रिकेत ‘गं. भा.’, तर पणजोबा त्या दोन लग्नांच्या मधल्या काळात गेले. घरात भावंडांच्या पाच-सहा पत्रिका मिळाल्या तर हे अंतर दोन-तीन वर्षांवर येतं. एवढं कळलं की पुढं सरकारी वही चाळायला सोपं जातं, कारण ती वही तारखेवार असते, नावावार नसते.

पत्रिकेवर सन नसून नुसतं ‘शके’ असेल तर त्यात ७८ मिळव. शके पाडव्याला बदलतं, म्हणून माघ-फाल्गुनातलं लग्न असेल तर ७९. पौषात जानेवारी लागला होता का, हे जुन्या पंचांगातच बघावं लागतं. जमिनीच्या जुन्या कागदांवर ‘फसली’ सन असतो, त्यात ५९० मिळवायचे. तो जूनच्या सुरुवातीला बदलतो, त्यामुळे जानेवारीनंतरच्या कागदाला ५९१.

पत्रिकांच्या बरोबर आहेराची वही माग. लांबट, बहुधा लाल कापडी पुठ्ठ्याची. कोण आलं, कुठल्या गावचं, किती रुपये, कुठलं भांडं, लुगडं की खण, सगळं त्यात असतं, कारण तो आहेर पुढं फेडायचा असतो. पत्रिकेतली मामांची नावं या वहीशी ताडून बघ. एकाच गावाची चार-पाच नावं लागोपाठ आली तर त्या गावाशी घराची सोयरीक आहे असं समजायला हरकत नाही. काही घरांत दुखवट्याचीही अशीच वही असते. बाई वारली की तिची शेवटची साडी माहेराहून येते. ती कुणी आणली हे त्या वहीत किंवा म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी सापडतं, आणि ज्यानं आणली ते घर पणजीचं माहेर.

आता आज्जीला विचारताना ‘पणजी कुठल्या साली गेली?’ असं विचारू नकोस. साल कुणाच्या ध्यानात नसतं, आणि मान राखायला म्हणून काहीतरी सांगतील. ‘तिचा म्हाळ कधी घालता?’ असं विचार. पितृपक्षात ज्या तिथीला म्हाळ घालतात ती त्या माणसाच्या मृत्यूची तिथी असते. महिना त्यातून कळत नाही; त्यासाठी वर्षश्राद्ध कुठल्या महिन्यात होतं ते विचार. आणि म्हाळ जर अविधवा नवमीला घालत असतील तर पणजी सवाष्ण गेली, म्हणजे पणजोबांच्या आधी. या एका उत्तरानं अर्ध्या पत्रिकांचा क्रम लागतो. म्हाळ सर्वपित्रीला होत असेल तर त्यावरून काही ठरवू नकोस. तिथी माहीत नसलेल्यांचा त्या दिवशी घालतात, आणि सोयीसाठी सगळ्यांचा एकत्र घालणारीही घरं आहेत.

आणखी एक विचार: ‘आपल्याला कुणाकुणाचं सुतक येतं?’ दहा दिवसांचं सुतक धरणारे ते भावकी, एका बुडख्याचे. बाकीचे पै-पाहुणे. गावात एका आडनावाची साठ घरं असतात. त्यातली आपली कुठली, हे याच प्रश्नानं कळतं.

घरचं झालं की चावडी. खातेउतारा, म्हणजे गाव नमुना ८अ, घेतला की आजोबांच्या नावावरचे सगळे गट नंबर मिळतात. मग त्या गटांचा सातबारा. तो महाभूमीच्या पोर्टलवर डिजिटल सहीचा १५ रुपयांत मिळतो, पण त्यावर आजची स्थिती असते. तुला बघायचे आहेत ते त्यावरचे फेरफार क्रमांक, कंसात किंवा वर्तुळात लिहिलेले. प्रत्येक क्रमांक म्हणजे गाव नमुना ६ मधली एक नोंद: खरेदी, वाटणी, बोजा (जमिनीवरचं कर्ज), वारस. तुला फक्त वारसाच्या हव्यात. जुने हस्तलिखित सातबारे आणि फेरफार तलाठ्याकडे नसतील तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये असतात. नकलेचा अर्ज करताना गाव, तालुका, गट नंबर आणि फेरफार क्रमांक चारही लिही. एक जरी चुकलं तरी अर्ज परत येतो. अर्ज आजोबांच्या नावानं कर, त्यांच्यासोबत जा.

वारसाची नोंद साधारण अशी असते: अमुक खातेदार अमुक तारखेस मयत, त्यांस वारस मुलगे इतके, विवाहित मुली इतक्या, विधवा पत्नी अमुक. मुलींच्या नावापुढे नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव आणि कधी गावही असतं. म्हणजे बापाच्या मरणाच्या कागदावर सगळ्या मुलींची लग्नं एकाखाली एक येतात. मात्र दोन तारखांत गोंधळ करू नकोस. नोंदीची तारीख म्हणजे मृत्यूची तारीख नव्हे. कायद्यानं हक्क मिळाल्यावर तीन महिन्यांत कळवायचं असतं, पण पुष्कळ घरं सोसायटीचं कर्ज काढायची वेळ येईपर्यंत वारस लावत नाहीत, मग मधे दहा-पंधरा वर्षंही जातात. मजकुराच्या आत ‘मयत दि.’ किंवा ‘सुमारे दोन वर्षांपूर्वी मयत’ असं असतं, ते उतरवून घे.

मुली सापडल्या नाहीत तर निराश होऊ नकोस, कारण बघ. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्याआधी मुलींची नावं वारसांत बहुधा येतच नसत. त्यानंतरही कधी मुलांची नावं मुख्य रकान्यात आणि बहिणींची ‘इतर हक्क’ या बाजूच्या रकान्यात बसवलेली दिसतात. लोक तो रकाना बोज्यासाठीच बघतात आणि आत्त्यांची नावं नजरेतून सुटतात. तसंच ‘हक्कसोडपत्र’ असा शेरा दिसला तर तो फेरफार नक्की काढ. बहिणींनी भावाच्या नावे हक्क सोडल्याचा तो दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला असतो, त्यात प्रत्येक बहिणीचं पूर्ण नाव, वय आणि राहण्याचं गाव असतं. ज्या कागदानं त्यांचा जमिनीवरचा हक्क गेला, त्याच कागदावर त्यांची नावं सगळ्यात स्पष्ट लिहिलेली असावीत, याचं मला फार वाईट वाटतं. तुझ्या तक्त्यात ती नावं ठळक लिही.

काही आखूड शब्द आधीच सांगते. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर; नाव एकट्या थोरल्याचं दिसतं, पण त्याच्यामागं धाकटे भाऊ असतात. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. हा शेरा असलेली नोंद मोलाची. बाप अकाली गेला, मूल लहान होतं आणि पालनकर्ती बहुधा आई असते, म्हणून बाईचं नाव तिथं हमखास सापडतं.

सातबारा मागं नेताना गट नंबर एका टप्प्यावर थांबतो. एकत्रीकरण योजनेत, जिचा कायदा १९४७ चा, जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. भूमी अभिलेख कार्यालयात एकत्रीकरणाच्या उताऱ्यावर जुना-नवा नंबर समोरासमोर असतो. तो न घेता मागं गेलीस तर दुसऱ्याच्याच शेताचा इतिहास काढून बसशील. आणि जुन्या कागदात आपलं नाव एकदम १९५७ च्या पुढंच उगवलं तर घाबरू नकोस. त्या वर्षी १ एप्रिलला कूळ कायद्यानं कसणाऱ्याला मालकी आली. त्याआधी घराणं तिथंच असेल, पण कूळ म्हणून. नाव ‘कूळ’ रकान्यात शोध.

मृत्यूची थेट नोंद हवी तर दोन ठिकाणं. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा लागू झाल्यानंतरची ग्रामपंचायतीत, आणि त्याआधीची गाव नमुना १४ मध्ये, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. त्यातलं वय अंदाजाचं असतं. ‘वय ६०’ म्हणजे म्हातारं माणूस, एवढाच अर्थ घे. १९१८ च्या मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या वर्षातली वही मिळाली तर ती मात्र सावकाश वाच. एका घरातली तीन-तीन माणसं आठवड्यात गेलेली दिसतील, आणि पुढच्या वाटण्या, दत्तकं, पाट (विधवेचं दुसरं लग्न) त्यातूनच आलेले असतात.

कोल्हापूर १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं, त्याआधीचे कागद करवीर संस्थानचे. आपलं गाव तेव्हा खालसा, म्हणजे थेट दरबाराच्या ताब्यात होतं, की कागल, इचलकरंजी, बावडा, विशाळगड अशा एखाद्या जहागिरीत, ते आधी विचार. चंदगडकडचे पाहुणे असतील तर तो तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. संस्थानचं दप्तर कोल्हापूरच्या पुरालेखागारात आहे आणि जुना भाग मोडीत. मोडी तुला येणार नाही. वाचणारी माणसं तिथं मिळतात, फोटो काढायची परवानगी मागून मग वाचून घे. मोडीत शिरोरेघ आधी ओढतात आणि अक्षरं तिला लटकवत सलग लिहितात, त्यामुळे शब्द कुठं संपला ते कळत नाही. म्हणून हे तीन शब्द वाचणाऱ्याला शोधायला सांग: ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, ‘भ्रतार’ म्हणजे नवरा. ‘लक्ष्मी कोम धोंडी’ असं दिसलं की बाई सापडली. आडनाव तिथं नसेलही. शेतकऱ्यांची आडनावं बऱ्याच कागदांत नंतर आली आणि ‘पाटील’ हे तर पुष्कळदा आडनाव नव्हे, हुद्दा आहे.

पणजीच्या माहेरच्या गावी गेलीस की पहिली चौकशी शाळेची नको, तिच्या बापाच्या वारस नोंदीची कर. ती नोंद १९५६ नंतरची असेल तर त्यात ती सासरच्या नावानं येईल आणि गाठ तिथं बसेल. नसेल तर मग शाळेचं जनरल रजिस्टर. शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं, त्यामुळे संस्थानातल्या जुन्या शाळांत जुनी रजिस्टरं मिळू शकतात. मुलगी नसली तरी तिचे भाऊ असतील.

हेळवी तुला भेटले तर भाग्य. ते कर्नाटकातून येतात, बैल घेऊन, आणि घराण्याची वंशावळ, मूळ गाव, देवक म्हणून दाखवतात; धान्य नाहीतर कापड घेतात. त्यांच्याकडून मूळ गाव आणि स्थलांतर घे. बायकांची नावं त्यांच्याकडे क्वचितच असतात. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडेही आडनाव-गावावार वह्या असतात. अस्थी घेऊन गेलेल्या माणसानं तिथं स्वतःच्या हातानं नावं लिहिलेली असतात.

तक्ता काढताना झाड काढू नकोस, ते जुळणार नाही. आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत आहे, त्यामुळे फांद्या पुन्हा एकमेकींत शिरतात. पणजीच्या माहेरची पोरगी तिच्या सुनेच्या जागी दिसली तर ती चूक नव्हे. आज्याचं नाव नातवाला देतात, म्हणून ‘रामचंद्र धोंडी’ आणि ‘धोंडी रामचंद्र’ आळीपाळीनं येत राहतील. नुसत्या नावावर जोडू नकोस, बापाचं नाव आणि गट नंबर दोन्ही जुळले तरच जोड. एका माणसाच्या दोन बायका दिसल्या तर एक लग्नाची आणि एक पाटाची असू शकते. पाट विधवेशी लागतो, तेव्हा तिची आधीची मुलं दुसऱ्या आडनावाखाली, दुसऱ्या गावात शोधावी लागतात. हे विचारताना आवाज हळू ठेव, चारचौघांत विचारू नकोस.

प्रत्येक माणसाला एक पोस्टकार्डाएवढा जाड कागद घे. बाईच्या कागदावर माहेरचं नाव वर, सासरचं खाली, मग माहेरचं गाव, मामा, आणि मृत्यूच्या जागी ‘या लग्नाआधी’ किंवा ‘या लग्नानंतर’. पक्कं ते शाईनं, ऐकीव ते शिसपेन्सिलनं, आणि कुणी सांगितलं ते मागं.

जाताना आज्जीसाठी तिचा चष्मा करून घेऊन जा. पत्रिकेची अक्षरं बारीक असतात, आणि फोटोतल्या बायका तिच्याशिवाय दुसरं कुणी ओळखणार नाही. पहिला दिवस तिच्याबरोबर बस, चावडी दुसऱ्या दिवशी.

तुझी,
आई