अनटिल शिकवताना आधी 'तक' सोडव

उर्दू मीडियमच्या पोरांना स्पोकन इंग्लिश शिकवायला घेतलंयस ना, मग पहिल्याच आठवड्यात 'आय विल वेट अनटिल ही डझन्ट कम' ऐकू येणारच, लगेच झापू नकोस. पोरगं डोक्यात 'जब तक वो न आए' म्हणतंय आणि त्यातला 'न' तसाच इंग्रजीत उतरतोय, बाकी काही नाही. आपण पण 'जोपर्यंत तो येत नाही' म्हणतोच की, मी स्वतः कॉलेजात जाईपर्यंत हीच चूक करायचो. ग्रामर सांगत बसण्यापेक्षा त्यांना तेच वाक्य 'उसके आने तक' असं फिरवून म्हणायला लाव, 'न' आपोआप गळतो आणि 'अनटिल ही कम्स' सरळ बाहेर येतं.

खरा घोळ याच्या पुढे आहे, कारण त्यांचा 'तक' एकटाच दोन कामं करतो. फळ्यावर एकाखाली एक लिही, 'दुकान दस बजे तक खुली रहेगी' आणि 'दस बजे तक आ जाना'. पहिल्यात दुकान सगळा वेळ चालूच आहे, तिथे अनटिल टेन, दुसऱ्यात दहाच्या आत कधीही एकदा यायचंय म्हणजे बाय टेन. हे नीट बसलं नाही तर पोरगं 'आय विल फिनिश इट टिल मंडे' असंच बोलत राहणार. टिल म्हणजे अनटिलच, फक्त बोलण्यातलं, त्यावर वेळ घालवू नकोस.

आणि हो, 'उसने फ़ोन तक नहीं किया' मधला 'तक' म्हणजे आपलं 'सुद्धा', तिथे ईव्हन लागतं, पण ते महिनाभराने काढ, आत्ता काढलंस तर सगळंच कालवण होईल.